ताटाची डावी बाजू

"मीठ वाढायला ह्या घरात कुणाचा हात मोडलाय का?" कोंडाजीआबा भाकरीशीच बोलत असल्यासारखे पुटपुटले. "भाकरी देत्यात, कोरड्यास देत्यात, मीठ तेवढं कुलपात. चटणी तर सपनातच खायाची."

मीठ ताटात होतं. चटणीही होती, लसणाची, सकाळीच वाटलेली, आणि शेजारी कांद्याची फोड. जिथं वाढायची रीत आहे तिथंच, ताटाच्या डाव्या बाजूला. सून सरुबाई आबांच्या डाव्या अंगाला पाय दुमडून बसली होती, इतकी जवळ की तिचा पदर त्यांच्या गुडघ्याला लागत होता. तिनं हात पुढं केला, ताटाची कड धरली आणि ताट जागच्या जागी अर्धं फिरवलं. हातातले चांदीचे गोट काशाच्या कडेवर वाजले.

"आलं," आबा म्हणाले. त्यांनी मिठाला बोट लावलं. "बोलल्याबिगर हलायचं न्हाई तू. कानानं गेलीस का काय, धोंडे?"

सरुबाई काही बोलली नाही. अशा वेळी तिची सासू धोंडाबाईही काही बोलत नसे.

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. उजव्या हाताला ओसरीचं दार उघडं होतं, दारातून उजेड येत होता आणि उजेडात दोन कोंबड्या भिजत उभ्या होत्या. आबांची नजर तिथंच होती. तिथंच असायची.

"अन सोपानची बायकू कुटं असती?" त्यांनी दाराला विचारलं. "लय दिसांत दिसली न्हाई. म्हायेरी धाडली का?"

सोपानची बायको म्हणजे सरुबाईच. तिनं पदराला हात पुसले आणि रिकामा तांब्या उचलून आत गेली.

धोंडाबाईला जाऊन महिना उलटून गेला होता.

आबांच्या अंगावरून वारं गेलं ते चैत्रात, भाताच्या रोपांसाठी राब भाजायच्या दिवसांत. नाणे मावळातलं त्यांचं गाव, कामशेतच्या बाजाराला जवळ. भाताची खाचरं, दोन बैल, चार माणसं. आबा शेताच्या बांधावर बसले ते उठेनात. उचलून घरी आणलं. जीभ शाबूत राहिली, राग शाबूत राहिला, डावा हात आणि डावा पाय तेवढा सैल पडला. पाय पुढं थोडा सुधारला. काठी घेऊन ते परसापर्यंत जायला लागले. हात मात्र मांडीवर ठेवलेल्या परक्या वस्तूसारखा पडून असायचा. धोंडाबाई तो मधून मधून उचलून सरळ करून ठेवायची, लहान मूल झोपेत उघडं पडलं की पांघरूण घालतात तसा.

आणि मग हे मिठाचं सुरू झालं. ते साल मिठाच्या सत्याग्रहाचं, पेपर वाचणाऱ्यांच्या आणि न वाचणाऱ्यांच्याही तोंडी मीठच होतं. शेजारची अंबूबाई एकदा आत डोकावून म्हणाली, "आबांनी मीठ सोडलं म्हनं? आता ह्या घरात एकदम चरखा आला तरी नवल न्हाई." धोंडाबाई त्यावर हसली, पण तिला मनातून लागलं होतं. उभा जन्म तिनं त्या माणसाच्या ताटात मीठ वाढलं होतं आणि आता तो रोज, दोन्ही वेळेला, तिनं वाढलं नाही म्हणून सांगत होता.

एक दिवस तिला राग आला. "हे काय हाय मंग?" म्हणून तिनं ताटाला हाताचा फटका दिला. ताट सारवलेल्या जमिनीवर गरकन फिरलं. मीठ-चटणी उजवीकडं आली. आबांनी शांतपणे मिठाला बोट लावलं आणि म्हणाले, "येवढंच तर मागत व्हतो."

धोंडाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिला एकेक आठवत गेलं. बैल शेजारी शेजारी बांधलेले असताना आबा विचारायचे, चांद्याला कुणी नेलं. मुंडासं बांधायचे तर डाव्या बाजूला पीळ सुटाच राहायचा. भाकरी अर्धीच खायची आणि म्हणायचं, भूक हाय अजून. अर्धी भाकरी ताटात, डावीकडं.

ती कुणाशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्या डाव्या अंगाला बसायला लागली आणि वेळ झाली की ताट फिरवायची.

सोपान, एकुलता मुलगा, त्यांना तळेगावला डॉक्टर श्रीपादरावांकडं घेऊन गेला. धोंडाबाईही गेली. कामशेतला गाडीत बसल्या बसल्या ती आबांच्या डाव्या बाजूला सरकली, का तर त्या बाजूला दार होतं.

डॉक्टरांनी आबांच्या समोर बसून दोन्ही हातांत एकेक पळी धरली. डावीकडची एकटी हलवली. आबा थोडं थांबून म्हणाले, "हलली." उजवीकडची हलवली. "हलली." मग दोन्ही एकदम हलवल्या. आबा म्हणाले, "ही हलली," आणि उजवीकडं बोट केलं.

"आणि ही?"

"ती कोणती?"

सोपानचं तोंड उतरलं. "डावा डोळा गेला व्हय?"

"डोळे दोन्ही चांगले आहेत," डॉक्टर म्हणाले. आबांना बाहेर बाकावर बसवून त्यांनी दार लोटलं. "त्यांना दिसतं. पण बघणं एकट्या डोळ्याचं काम नाही. बाजारात तुम्ही एका माणसाशी बोलता तेव्हा बाकीची गर्दी तुम्ही बंद केलेली असते. ती केली नाही तर त्या माणसाचं एक अक्षर कळायचं नाही. मग कुणी पाठीमागून हाक मारली, की पहिल्याला सोडून तिकडं वळता. हे बंद करणं आणि सोडून वळणं मेंदू आपलं आपण करत असतो, आपल्याला पत्ताही नसतो. यांच्या मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली आहे. लक्ष उजवीकडं गेलं की तिथंच अडकतं. सोडता येत नाही. आणि जोवर सुटत नाही तोवर डावीकडचं सगळं बंद."

"सांगितलं तर?" सोपाननं विचारलं. "डावीकडं बघा म्हणून?"

"सांगा. बघतीलही क्षणभर. पण डावीकडं काही राहिलंय असं त्यांना वाटतच नाही, तर बघतील कशाला? आपल्या पाठीमागं काय आहे याची तुम्हाला चुटपुट लागते का, तसं." डॉक्टरांनी पळ्या जागेवर ठेवल्या. "त्यापेक्षा एक करा. डावीकडचं दाखवायचं असेल तेव्हा उजवीकडचं काढून घ्या. उजवी बाजू रिकामी करा, अंधार करा. अडकायला काही उरलं नाही, की नजर हळूहळू डावीकडं येईल. ओढाताण करू नका. आणि या माणसाला धक्का बसेल असं काही घरात होऊ देऊ नका."

धोंडाबाई इतका वेळ उंबऱ्याशी उभी होती. ती म्हणाली, "मंग मी कुटं बसू?"

"उजवीकडं बसा की. म्हणजे दिसाल त्यांना."

"अन डावीकडं कोण बसंल?"

घरी आबांच्या डावीकडं चूल होती, पाण्याचा हंडा होता, ओसरीची कड होती. ती डावीकडंच बसत राहिली. नवऱ्याला दिसत नव्हती, पण त्यानं बोलायची खोटी, मीठ येत होतं. सरुबाईला एकदा ती म्हणाली होती, "तसं पयलंबी त्येंनी मला कवा बघितलं हुतं गं?" आणि हसत हसत शेणी थापायला गेली होती.

आषाढात आवणी चालू असताना धोंडाबाईला ताप भरला. गुडघाभर चिखलात दिवसदिवस वाकून रोपं लावायची, अंगावर इरलं असलं तरी पाठ ओलीच. ताप अंगावर काढला. छाती भरली तेव्हा सोपाननं तिला बैलगाडीत घालून कामशेतला नेलं आणि तिथून तळेगावला. जाताना तिनं हातातले गोट काढून सुनेच्या हातात घातले. "हिकडं तिकडं पडतील," म्हणाली. सरुबाई ते नंतर काढून ठेवणार होती, पण घाईत तसेच राहिले.

धोंडाबाई परत आली नाही. सगळं तिकडंच उरकून सोपान दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला एकटा घरी आला. सरुबाईला त्यानं परसात गाठलं आणि सांगितलं. दोघं तिथंच पावसात उभी राहिली. आतून आबांचा आवाज आला, "जेवायला वाढा की रं कुणीतरी."

सरुबाईनं वाढलं. दुसरं काय करायचं ते कुणाला सुचलं नव्हतं. सोपान खांबाला टेकून उभा होता. आता सांगावं, जेवल्यावर सांगावं, असं त्याच्या तोंडावर चाललेलं तिला दिसत होतं. आबा जेवायला लागले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "धोंडे, मीठ."

सोपाननं सरुबाईकडं बघितलं. सरुबाई आबांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली आणि तिनं ताट फिरवलं. गोट वाजले.

"आलं," आबा म्हणाले. "ताप उतरला का तुजा?"

एवढंच झालं. कुणी खोटं बोललं नाही. ताट फिरवलं.

पण एकदा फिरवलेलं ताट दुसऱ्या वेळेलाही फिरवावं लागतं. सांत्वनाला आलेली माणसं काकीच्या ओसरीवर बसवायची ठरली. काकी म्हणजे कस्तुराबाई, आबांच्या धाकट्या भावाची बायको, मधल्या भिंतीपलीकडं राहणारी. थोरल्या दिरासमोर ती कधी उभी राहिली नव्हती, बोलणं तर लांबच. पण भिंतीआडून तिचा आवाज गावच्या पाणवठ्यापर्यंत जायचा. जावेच्या नावानं ती एकदा गळा काढून रडली तेव्हा आबांनी विचारलं, "कस्तुराला काय झालं?"

"दाढ दुखतीया तिची," सोपान म्हणाला.

"मंग काढ म्हनावं. येवढं कशाला सोसायचं?"

त्यानंतर काकी तोंडात पदराचा बोळा घालून रडायची.

दहावं नदीवर झालं. सोपानचे केस उतरवले होते, म्हणून तो घरातही मुंडासं घालूनच वावरायला लागला. आबा म्हणाले, घरात मुंडासं कशाला? सोपान म्हणाला, गळतंय. मावळातल्या पावसात ह्यावर कुणी अविश्वास दाखवत नाही. आबा वर कौलांकडं बघून म्हणाले, "उन्हाळ्यात शाकारलं असतंस तर ही पाळी आली नसती."

दुःखाचं वर्ष म्हणून गौरी बसवल्या नाहीत. आबांनी विचारलं तेव्हा सोपान म्हणाला, "बसवल्यात की. तुमच्या डावीकडं." आबांनी उजवा हात कपाळाला लावून डावीकडं मान हलवल्यासारखं केलं आणि पुन्हा दाराकडं बघायला लागले. त्या दिवशी सोपान जेवला नाही. घरात जे जे सांगायचं नव्हतं ते सगळं आबांच्या डावीकडं रचून ठेवायची आता घराला सवय लागली होती. तिथं पुष्कळ जागा होती.

मेलेल्या माणसाच्या घरी रडारड असते, बायका येतात, आठवणी काढतात, कुणीतरी स्वयंपाक करून आणतं. ह्या घरात त्यातलं काही झालं नाही. सरुबाई पहाटे दळायची, खाचरात गवत बेणायला जायची, ताट फिरवायची. सासूची आठवण यायला लागली की ती आपोआप दुसऱ्या कामाकडं वळायची, आणि आपण वळलो हेही तिला नंतर कळायचं. आतून काही दुखत नव्हतं. आवणी करून आल्यावर बोटं जशी बधिर होतात, विस्तवावर धरली तरी चटका कळत नाही, तसं काहीतरी झालं होतं. सोपानचंही तसंच असावं. पण तो बोलत नव्हता. भात पोटरीला येतंय का, बांध फुटलाय का, एवढंच.

एकदा खाचरात बेणता बेणता सरुबाई म्हणाली, "आवं, मामंजींना सांगा आता."

"आवणी उरकंपर्यंत थांब म्हनलं व्हतं ना."

"आवणी उरकली. मंग तुमी म्हनलात पंचमी हुंदे. पंचमी झाली, गवरी-गणपती झालं."

"डाक्टरनं सांगितलंय धक्का द्यायचा न्हाई. त्येंचं काय बरंवाईट झालं तर? एका सालात दोघं?"

"धक्का त्येंना बसंल म्हनून भ्या वाटतंय का तुमालाच बसंल म्हनून?"

सोपाननं उपटलेलं गवत बांधावर फेकलं. आणखी एक मूठ उपटली. मग म्हणाला, "तितं तळेगावात मी रडलो न्हाई. म्हनलं, घरी जाऊन आबांना सांगू, तवा रडू. आता ते आतच ऱ्हायलं."

सरुबाई म्हणाली, "मला मामंजी सरू पोरी म्हनून हाक मारायचं. आता मी कुटं हाय म्हनून मलाच इचारत्यात. आत्याबाई हायत त्येंच्या लेखी, मीच न्हाई. मी न्हेमी डावीकडं."

सोपान पुढच्या ओळीला वळला.

भाद्रपदातला पितृपक्ष लागला आणि काकी भिंतीआडून बोलती झाली. अविधवा नवमी आली होती. नवऱ्याच्या आधी, कपाळाचं कुंकू घेऊन गेलेल्या बाईसाठी तो दिवस. त्या दिवशी तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालायचं, हळदकुंकू लावायचं, बांगड्या भरायच्या, ओटी द्यायची. वर्षाच्या आत करावं का करू नये, यावर वडगावच्या एका भटजींनी एक सांगितलं, दुसऱ्यांनी दुसरं. काकीनं दोघांनाही बाजूला ठेवलं.

"माज्या जावेनं उभ्या जल्मात कुणाकडं काय मागितलं न्हाई," ती म्हणाली. "येक दिवस तिच्या नावानं येक बाई पोटभर जेवली तर कुणाचं काय जातंय? अंबूबाईला सांगून बसलीया मी."

"पण कुटं बसवायची काकी?" सोपान म्हणाला. "तुमच्या घरी करू."

"वा. ती ज्या चुलीशी राबली ती चूल सोडून? ह्याच घरात करायचं. थोरल्या भाऊंना काय दिसतंय डावीकडचं? बसवा तिकडंच."

हे सगळ्यांना पटलं. इतके दिवस तेच तर चाललं होतं.

नवमीच्या दिवशी पाऊस तिरका येत होता. काकीनं माजघर सारवून घेतलं. आबांना नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून बसवलं. त्यांच्या डाव्या बाजूला चुलीजवळ अंबूबाईचा पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी, समोर समई. येणारंजाणारं कुणी आत शिरून काही बोलून जाऊ नये म्हणून सोपाननं ओसरीचं दार लोटून कडी घातली. आबांच्या उजवीकडच्या घोंगड्या, काठी, पाण्याचा तांब्या सगळं सारवणासाठी हलवलं होतं ते परत ठेवलंच नाही, कारण सगळी माणसं डावीकडं, त्यांच्या नजरेआड राहायची म्हणून दाटीवाटीनं तिकडं सरकली होती. आधी सवाष्ण जेवणार, मग घर, म्हणून आबांच्या पुढ्यात ताटही नव्हतं.

अंबूबाई पाटावर बसली. हिरवा चुडा, नाकात नथ, कपाळभर कुंकू. तिच्या ताटात भात, वरण, खीर, वडे, गवारीची भाजी, आळूच्या वड्या, आणि डावीकडं मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. काकी आतल्या दारामागं पदर ओढून उभी होती. तिनं खूण केली. अंबूबाईनं पहिला घास उचलला आणि कुजबुजली, "धोंडाबाई, तुमच्या नावानं खातीया. वडं बरं झाल्यात, काय काळजी करू नका."

सरुबाई आबांचं ताट वाढून हातात घेऊन उभी होती. आणि तेव्हा तिनं आबांकडं बघितलं.

आबा बंद दाराकडं बघत होते. दारात उजेड नव्हता. कोंबड्या नव्हत्या, रस्ता नव्हता. ते सारवलेल्या जमिनीकडं बघायला लागले, मग समोरच्या भिंतीकडं. भिंतीवर समईच्या उजेडाची थरथर पडली होती. नजर त्या थरथरीवर थांबली, आणि मग थोडी पुढं सरकली. मान वळायला लागली. हळूहळू, चिखलातून पाय उपसावा तशी.

सरुबाईच्या कानात डॉक्टरांचं बोलणं आलं. सोपान घरी येऊन ते पुन्हा पुन्हा सांगायचा, डावीकडचा बैल दाखवायचा तर उजवीकडचा काढा म्हणून. उजवी बाजू रिकामी करा, अंधार करा. लपवायच्या नादात आज सगळ्यांनी मिळून तेच केलं होतं. सारवून, कडी घालून, नेमकं तेच.

सोपानच्याही ध्यानात आलं. त्यानं हातानं खूण केली, ताट ठेव. उजवीकडं ठेव. ताटातून वाफ निघत होती. आबांच्या उजव्या मांडीशी ते ठेवलं असतं तर नजर तिथं अडकली असती, आणि ते म्हणाले असते, धोंडे, मीठ.

सरुबाई ताट हातात धरून उभी राहिली.

"सरू, ठेव," सोपान ओठांतल्या ओठांत म्हणाला.

तिनं ठेवलं नाही.

आबांची मान पूर्ण वळली. आधी त्यांना समई दिसली, मग समईच्या पलीकडं उभी असलेली सून. त्यांच्या तोंडावर हसू आलं, जुनं, चैत्राच्या आधीचं.

"सरू पोरी? कवा आलीस म्हायेरासनं? मला कुणी सांगितलं न्हाई."

सरुबाई एक पाऊल पुढं आली. हातातलं ताट हललं आणि गोट वाजले. आबांनी तिच्या मनगटाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. गोटाची एक कड चेपलेली होती. लग्नानंतरच्या वर्षी धोंडाबाई विहिरीवर घसरली होती तेव्हाची.

"हे तुज्या हातात कसं?"

अंबूबाईचा हात ताटातच थांबला होता. आबांनी तिच्याकडं बघितलं. तिचं कुंकू, तिचा नवा चुडा, रांगोळी, पाटाशेजारी ठेवलेला नारळ आणि खण. मग त्यांनी आपल्या डाव्या अंगाला, अगदी जवळ, जमिनीवर नजर उतरवली. तिथं फाटकं पोतं घडी घालून ठेवलेलं होतं, बसायला. त्यावर कुणी नव्हतं.

"पितृपक्ष लागला व्हय?" आबा हळू आवाजात म्हणाले. "नवमी हाय का आज?"

"व्हय," अंबूबाई म्हणाली. निदान तेवढं तरी कुणीतरी म्हणायला हवं होतं.

"आमच्यात नवमी कुणाची?" आबांनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, माहिती विचारावी तसं ते विचारत होते. "माजी आई बाच्या मागनं गेली. आजीबी मागनं गेली. ह्या घरात नवमी न्हाई कुणाची." ते पुन्हा पोत्याकडं बघायला लागले. नजर आता तिथून सुटत नव्हती. "सोपान, कुणाची हाय रं?"

दारामागं काकीनं पदराचा बोळा तोंडात धरला. सरुबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं, आबांच्या पुढ्यात नाही, चुलीपाशी, लांब.

सोपान खांबापासून निघाला आणि बापाच्या डाव्या अंगाला, त्या पोत्यावर येऊन बसला. त्यानं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. डोक्यावर बोटभर केस उगवले होते. त्यानं आबांचा सैल पडलेला हात उचलून सरळ करून ठेवला.

"आईची, आबा," तो म्हणाला. "आई गेली."